इंधन घट आणि गॅस टरबाइन : एका संकराची कार्यक्षमता आणि टिकाऊपणा

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत बडोद्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



'हायब्रीड' हा शब्द मराठी समाजात रुजला तो शेताच्या बांधावरून. 1964 साली सी.एस.एच.-1 ही संकरित ज्वारी आली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत 'हायब्रीड' हे नाव खेड्यापाड्यांत ज्वारीलाच चिकटून गेले. उतारा वाढला हे सर्वांनी मान्य केले. पण भाकरीला पूर्वीची गोडी नाही, कडबा आखूड निघतो, अशी कुरकुरही त्याच्या पाठोपाठ आली. यंत्रशास्त्रात हा शब्द शिरला तेव्हा तेथेही नेमके हेच दोन प्रश्न उभे राहिले : उतारा किती, आणि त्याची किंमत कोणत्या रूपाने मोजावी लागते?

आजच्या विषयातील संकर वीज निर्माण करणाऱ्या दोन साधनांचा आहे. त्यांपैकी एक गॅस टरबाइन आणि दुसरे इंधन घट, म्हणजे फ्यूएल सेल. ज्या शहरात 1890 साली कलाभवन सुरू झाले आणि तंत्रविद्या देशी भाषेतून शिकवण्याचा ध्यास प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी घेतला, तेथे परिभाषेबद्दल फारशी क्षमायाचना करण्याचे कारण नाही. टरबाइनला मात्र मराठी प्रतिशब्द रुळलेला नाही. म्हणून तो तसाच ठेवला आहे. 'टिकाऊपणा' हा शब्द मात्र दोन अर्थांनी घ्यावा लागेल. यंत्र स्वतः किती वर्षे टिकते हा एक अर्थ. आणि ते ज्या इंधनावर चालते त्याचा भार पृथ्वीला किती काळ सोसवेल, हा दुसरा.

प्रथम गॅस टरबाइन. हवा दाबायची, त्या दाबलेल्या हवेत इंधन जाळायचे आणि तापून फुगलेल्या वायूने पात्यांचे चक्र फिरवायचे, एवढेच त्याचे तत्त्व. या तत्त्वातील अडचण एका जुन्या उदाहरणावरून चांगली ध्यानात येते. 1939 साली स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथील वीजघरासाठी ब्राउन बोव्हेरी कंपनीने गॅस टरबाइन बसवले. त्याचे चक्र 15,400 किलोवॉट शक्ती निर्माण करी. पण त्यातील 11,400 किलोवॉट हवा दाबणारा संपीडकच खाऊन टाकी. हाती उरत 4,000. इंधनातील उष्णतेपैकी जेमतेम साडेसतरा टक्के वीज मिळे. पुढच्या आठ दशकांत धातुविद्येने आणि पात्यांच्या रचनेने या यंत्राचा कायापालट केला. त्याच्या गरम धुराड्यावर वाफेचे दुसरे यंत्र जोडून फ्रान्समधील बूशें येथे 2016 साली 62.22 टक्के कार्यक्षमता मिळवण्यात आली. परंतु हे 600 मेगावॉटच्या राक्षसी यंत्राचे यश आहे. इमारतीच्या तळघरात मावेल अशा लहान टरबाइनची कार्यक्षमता आजही साधारणपणे 25 ते 33 टक्क्यांच्या घरात घुटमळते. यंत्र लहान झाले म्हणजे पात्यांच्या कडेने निसटणारी हवा त्या प्रमाणात लहान होत नाही, हे त्याचे एक साधे कारण. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

इंधन घटाची गोष्ट निराळी आणि अधिक जुनी आहे. पाण्यातून वीज खेळवली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. हेच उलटे करता येईल काय? हे दोन वायू एकत्र आणून पाणी आणि वीज मिळवता येईल काय? 1839 साली विल्यम ग्रोव्ह यांनी ते करून दाखवले. हे गृहस्थ पेशाने वकील, पुढे न्यायाधीश झाले. या प्रक्रियेत ज्वाला नाही, फिरणारे चाक नाही. इंधनातील रासायनिक शक्ती आधी उष्णतेत आणि मग गतीत न जाता थेट विजेत उतरते. ज्वालेत रासायनिक शक्तीची जी नासाडी होते ती येथे टळते, हे या घटाचे खरे मोठेपण.

या घटाचे अनेक प्रकार आहेत. टरबाइनशी सोयरीक जुळते ती मुख्यत्वे घन ऑक्साइड घटाची, आणि त्याचे मूळ एका दिव्यात आहे. जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट यांनी 19व्या शतकाच्या अखेरीस झिर्कोनियम व यिट्रियम यांच्या ऑक्साइडांची एक चिनी मातीसारखी कांडी बनवली. थंड असताना ती विजेला दाद देत नसे. पण आधी तापवली की तिच्यातून वीज वाहू लागे आणि ती लखलखे. या दिव्याचे अमेरिकेतील हक्क जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी घेतले आणि 1901 साली पिट्सबर्गला त्यासाठी कंपनी काढली. टंगस्टनच्या तारेचा दिवा आला आणि हा दिवा विझला. साठ वर्षांनी त्याच वेस्टिंगहाउसच्या संशोधकांनी तीच मृत्तिका पुन्हा हाती घेतली, ती दिव्यासाठी नव्हे, घटासाठी. कारण त्या कांडीतून वाहत होते ते ऑक्सिजनचे विद्युत्भारित कण. मृत्तिकेच्या पातळ भिंतीच्या एका अंगाला हवा आणि दुसऱ्या अंगाला इंधन खेळवले, आणि सारे 700 ते 1000 अंश सेल्सिअसला तापवले, की हवेतील ऑक्सिजन भिंतीतून पलीकडे झिरपतो, इंधनाला भेटतो आणि त्या भेटीत वीज देऊन जातो. हवेतील नायट्रोजनला मात्र भिंत पार करता येत नाही.

एवढ्या तापमानामुळे आणखी एक सोय होते. या घटाला शुद्ध हायड्रोजनच हवा असे नाही. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो वाफेच्या संगतीत घटाच्या उष्णतेनेच हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडमध्ये फुटतो, आणि दोन्ही इंधन म्हणून चालतात. बडोद्याच्या स्वयंपाकघरांत नळाने येणारा वायू या घटाला चालतो. एक गोष्ट सोडून. गळती कळावी म्हणून त्या वायूत जो उग्र वास मिसळलेला असतो, त्यात गंधक असते, आणि गंधक हे घटातील निकेलला विषासमान. गृहिणीचा जो रक्षक तोच घटाचा वैरी. तो वास आधी काढून टाकावा लागतो.

आता सोयरीक का, याचा हिशेब. हायड्रोजनच्या घटाने सिद्धांताप्रमाणे जास्तीत जास्त किती उष्णता विजेत रूपांतरित करावी, याला मर्यादा आहे आणि ती तापमानाबरोबर खाली येते. पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते असे धरले तर 25 अंशांना ही मर्यादा 94 टक्के असते. 1000 अंशांना ती 71 वर उतरते. उष्णतेवर चालणाऱ्या यंत्राचे नेमके उलट. 1824 साली सादी कार्नो यांनी दाखवून दिले की, उष्णता जितकी अधिक तापमानाची तितका तिचा कामाला उपयोग अधिक. 1000 अंशांच्या उष्णतेतून तत्त्वतः 76 टक्के काम काढता येते. म्हणजे घट जेथे हात आखडतो तेथेच टरबाइनचा हात सढळ होतो. 71 घटाचे, उरलेल्या 29 मधून टरबाइनचे 22; बेरीज 93. कागदावर याहून सुरेख जोडपे सापडणे कठीण.

व्यवहारात मांडणी अशी असते. टरबाइनचा संपीडक हवा दाबतो. ती धुराड्याच्या उष्णतेने आधी तापवली जाते आणि दाबासह घटात शिरते. दाब वाढला की घटाचे विद्युत्दाबही थोडे वाढते; म्हणजे टरबाइन आपल्या जोडीदाराला आधीच काही देऊन ठेवते. घट सगळे इंधन वापरू शकत नाही, साधारण 85 टक्के वापरतो. त्याहून ओढले तर निकेलच गंजू लागते. उरलेले इंधन घटापलीकडे जळते आणि तो तापलेला वायू टरबाइनच्या पात्यांवर सोडला जातो. टरबाइनला स्वतःची ज्वाला जवळजवळ लागतच नाही. घटाचे तापमान तेच त्याची भट्टी.

अशा तऱ्हेचे दाबयुक्त संयंत्र जगात प्रथम चालले ते कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथील विद्यापीठाच्या राष्ट्रीय इंधन घट संशोधन केंद्रात, 2000 साली. वेस्टिंगहाउसचा हा विभाग 1998 साली सीमेन्सकडे गेला होता. संयंत्र त्यांनीच बांधले होते आणि सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीज कंपनीचा त्यात भाग होता. 220 किलोवॉटपैकी 200 घटाचे, 20 टरबाइनचे. हवेचा दाब सुमारे तीन वातावरणांचा. सुमारे 2,900 तास ते चालले आणि 53 टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता त्याने दाखवली. 93 कोठे आणि 53 कोठे, असा प्रश्न येथे कोणीही विचारील. घटाच्या आतल्या रोधात काही विद्युत्दाब हरवतो. भांड्यांच्या भिंतींतून उष्णता निसटते. एकदिश वीज प्रत्यावर्ती करताना काही जाते. आणि ते लहान टरबाइन या कामासाठी घडवलेले नव्हते, मिळाले ते जुळवून घेतलेले होते. तरीही ज्या आकाराची इतर यंत्रे 30 टक्क्यांवर थांबतात, त्या आकारात 53 हा आकडा अपूर्व होता.

हा धागा पुढे जपानने अधिक चिकाटीने धरला. मित्सुबिशीने नागासाकीत 2009 साली 229 किलोवॉटच्या संयंत्रात 52.1 टक्क्यांपर्यंत मजल मारली. 2015 साली क्यूशू विद्यापीठाच्या इतो परिसरात 250 किलोवॉट वर्गाचे संयंत्र सुरू झाले. त्यातील टरबाइन टोयोटाच्या उपकंपनीचे. 2018 साली टोकियोतील मारुनोउची इमारतीसाठी या वर्गाच्या संयंत्राची पहिली व्यापारी मागणी नोंदवली गेली. 55 टक्के वीज, आणि वर धुराड्याच्या उष्णतेतून गरम पाणी किंवा वाफ. कचेऱ्यांच्या इमारतीत अशी भट्टी बसणे, ही या संशोधनाच्या इतिहासातील लहान गोष्ट नव्हे.

मग घरोघर ही यंत्रे का दिसत नाहीत? उत्तर संसाराच्या भाषेत द्यायचे तर, दोघांचे स्वभाव जुळत नाहीत. टरबाइन चपळ, मिनिटभरात वेग घेते, क्षणात बदलते. घट मंद, मृत्तिकेच्या त्या पातळ भिंती तापायला तास न् तास लागतात, आणि घाई केली की निरनिराळ्या थरांचे प्रसरण निरनिराळे असल्यामुळे भिंतीला चीर पडते. संपीडक आणि टरबाइन यांच्यामध्ये एरवी लहानसे ज्वलनपात्र असते. येथे त्या जागी घटाचे अवाढव्य पोट येते. एवढ्या पोकळीत हवा साठून राहिली आणि विजेची मागणी एकाएकी उतरली, तर दाब उलटून संपीडक धक्के खाऊ लागतो. तो धक्का घटाच्या एका अंगाला पोहोचला आणि दुसऱ्या अंगाला पोहोचला नाही, तर भिंत फुटते. लक्षावधींचा घट एका उसाशाने निकामी होऊ शकतो. म्हणूनच अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील मॉर्गनटाउन येथील राष्ट्रीय ऊर्जा प्रयोगशाळेने एक व्यवहारी युक्ती केली. टरबाइन खरे ठेवले आणि घटाच्या जागी तेवढ्याच पोकळीचे पात्र आणि संगणकाच्या हुकमाने घटासारखी उष्णता सोडणारी भट्टी बसवली. नवरा खरा आणि नवरी मुखवट्याची, असे हे प्रयोग आहेत. पण त्यांतून नियंत्रणाविषयी जे शिकता येते ते खरा घट न फोडता शिकता येते.

दुसरी व्यथा म्हातारपणाची. घट दिवसेंदिवस थोडा थोडा थकतो. दर हजार तासांना अर्धा टक्का हा उतार ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण 40,000 तासांत, म्हणजे अखंड चालवला तर पाच वर्षेही पुरी होण्याच्या आत, तो 20 टक्के होतो. वेस्टिंगहाउसच्या नळीच्या आकाराच्या घटांनी याहून पुष्कळ संथ झीज दाखवली हे खरे. पण त्या नळ्या बनवणे फार महाग पडे. येथे संकराचा एक गुण सहसा सांगितला जात नाही तो असा की, थकलेला घट विजेऐवजी उष्णता जास्त देऊ लागतो, आणि एकटा असता तर ती वाया गेली असती. टरबाइन त्यातला काही भाग वसूल करते. म्हणजे हे टरबाइन घटाच्या तारुण्यात अलंकार असेल, पण त्याच्या वार्धक्यात काठी ठरते. संशोधनाने या बाजूला अधिक लक्ष द्यावयास हवे होते. 70 टक्क्यांच्या जाहिरातीने ते फार काळ वेधून घेतले.

या जाहिरातीबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. 1990 च्या दशकात संकराची तुलना मोठ्या वीजघरांशी केली गेली आणि 70 टक्क्यांची वचने दिली गेली. त्या अवधीत मोठी टरबाइन स्थिर बसली नाहीत. वाफेच्या जोडीने त्यांनी 60 ची पायरी ओलांडली. शेकडो मेगावॉटचा घट कोणी बांधला नाही. दुसऱ्या बाजूने घटानेही टरबाइनची गरज काही अंशी संपवली. मूळचे भारतीय असलेले के. आर. श्रीधर यांनी स्थापन केलेल्या ब्लूम एनर्जी या अमेरिकन कंपनीचे घन ऑक्साइड घट टरबाइनवाचूनच 50 टक्क्यांच्या वर जातात. 2024 साली अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवर या कंपनीने त्यांच्याशी 1,000 मेगावॉटपर्यंतच्या खरेदीचा करार केला, तोही एकट्या घटांचा. सीमेन्सने मात्र या क्षेत्रातून अंग काढून घेतले. तेव्हा संकराची खरी जागा वरच्या आणि खालच्या टोकांमध्ये अरुंद आहे. त्याची तुलना वीजघराशी न करता रुग्णालय, कारखाना, मोठी इमारत यांच्या आवारातील जनित्राशी केली पाहिजे. ती तुलना केली तर तो आजही हरत नाही.

आता टिकाऊपणाचा दुसरा अर्थ. नैसर्गिक वायूतील उष्णतेच्या एका युनिटामागे सुमारे 200 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. 30 टक्क्यांच्या लहान टरबाइनमधून विजेच्या एका युनिटाला तो 670 ग्रॅम पडतो. 55 टक्क्यांच्या संकरातून 365. 35 टक्के कार्यक्षमतेच्या कोळशाच्या वीजघरातून तो 970 च्या आसपास असतो. शिवाय ज्वाला जवळजवळ नसल्याने नायट्रोजनची ऑक्साइडे नाममात्र. हा लाभ खरा आहे, पण त्यावर एक अट आहे : विहिरीपासून घटापर्यंत वायू गळता कामा नये. मिथेन हवेत सुटला तर 20 वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या 80 पटींहून अधिक उष्णता धरतो. वाहिनीचे सांधे ढिले ठेवून घटाच्या कार्यक्षमतेत टक्का-दोन टक्के वाढवणे हा उंदराला बिळात कोंडून धान्याचे पोते उघडे ठेवण्याचा प्रकार आहे.

मघाशी सांगितलेली नायट्रोजनची गोष्ट येथे उपयोगी पडते. घटाच्या इंधनाकडील अंगाला नायट्रोजन पोहोचतच नाही. त्यामुळे त्या बाजूने निघणारा वायू वेगळा काढला तर त्यात मुख्यतः वाफ आणि कार्बन डायऑक्साइड असतात. वाफ थंड केली की कार्बन डायऑक्साइड जवळजवळ शुद्ध हाती येतो. एरवीच्या धुराड्यांतून तो नायट्रोजनच्या गर्दीतून निवडून काढण्यात मोठी शक्ती खर्ची पडते. मात्र हा वायू असा वेगळा काढला तर तो टरबाइनला मिळत नाही आणि मांडणी बदलावी लागते. दोन्ही लाभ एकाच वेळी पुरते पदरात पडत नाहीत.

हायड्रोजनविषयी सध्या फार बोलले जाते. सूर्याच्या विजेने पाणी फोडून हायड्रोजन करायचा आणि तो घटात वापरायचा, ही कल्पना निर्दोष आहे. हिशेब मात्र कठोर आहे. पाणी फोडण्यात 70 टक्के आणि संकरात 55 टक्के धरले तर 100 युनिट विजेचे 38 युनिट परत येतात, तेही साठवणुकीचा खर्च न धरता. जी वीज दुपारी थेट वापरता येते तिला या वाटेने नेऊ नये. दुसऱ्या कोणत्याही मार्गाने साठवता येत नाही तीच न्यावी. याउलट मैलापाण्याच्या टाकीतून किंवा शेणापासून मिळणारा जैववायू येथे फार चांगला पाहुणा आहे. त्यातील मिथेन इंधन होते, कार्बन डायऑक्साइड अडचण करत नाही; गंधक मात्र कसोशीने काढावे लागते.

भारतापुरते पाहिले तर अडसर यंत्राचा नंतर, आधी इंधनाचा आहे. महाराष्ट्रातील उरणचे वीजघर मुंबई हायच्या वायूवर उभे राहिले. त्याची स्थापित क्षमता 672 मेगावॉट. पण वायूच्या तुटवड्याने ते वर्षानुवर्षे अर्धपोटी चालत आले. देशातील इतर अनेक वायू-वीजघरांची कथा हीच. ज्या देशात मिळेल तो वायू आधी खताला आणि शहरांतील वाहनांना व चुलींना जातो, तेथे विजेसाठी उरलेल्या वायूचा प्रत्येक घनमीटर 30 टक्क्यांच्या यंत्रात जाळणे परवडणारे नाही. घन ऑक्साइड घटांवर कोलकात्याच्या केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेत दीर्घकाळ काम झालेले आहे, आणि घटाला लागणारे झिर्कोनियम देणारी वाळू केरळच्या चवरा किनाऱ्यावर पडलेली आहे. त्या वाळूपासून 40,000 तास न चिरता टिकणारी भिंत बनवणे, आणि ती शंभर-दोनशे किलोवॉटच्या लहान टरबाइनशेजारी एखाद्या सांडपाणी केंद्राच्या आवारात वर्षभर अखंड चालवून पाहणे, एवढे काम समोर आहे. दर महिन्याला त्या घटाचे विद्युत्दाब किती उतरले, याची नोंदवही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवावी लागेल.